चौदा नंबरचा उजवा कोपरा

१

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या दालनात, चौदा नंबरच्या छायाचित्रासमोर एक कंडक्टरबाई मटकन खाली बसल्या. दालनात त्या वेळी तिघंच होते: त्या, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेला हायपो.

हायपोला त्यात वावगं काही वाटलं नाही. चौदा नंबरसमोर लोकांचं असं होतंच. सूतगिरणीला आग लागली त्या दिवशीचा तो कृष्णधवल फोटो. फाटकासमोर रस्त्यावर एक म्हातारी बसली आहे, मांडीवर जेवणाचा डबा, आणि तिच्या चेहऱ्यावर तेवढा उजेड आहे. बाकी सगळं हळूहळू काळोखात विरत गेलेलं. एकतीस वर्षांत हा फोटो पुस्तकांत आला, भिंतीवर चिकटवला गेला, मोर्च्यांत काठीला बांधून फिरवला गेला. कोणीतरी त्याचं नाव ‘आई’ ठेवलं आणि तेच पडलं.

फोटो काढला होता वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने, दादांनी. दादा दोन वर्षांपूर्वी गेले. पण दालनातले चाळीसच्या चाळीस फोटो कागदावर उतरवले होते हायपोने. हायपो हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फोटो पक्का करायच्या रसायनाला हायपो म्हणतात, आणि वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये चौतीस वर्षं काढल्यावर तो वास अंगातून जात नाही. बायको म्हणायची, “तुम्ही वळणावर असता तेव्हाच मी चहा ठेवते. नाकाला कळतं.”

सध्या तो खुशीत होता. गुडघा सोडला तर तक्रार नव्हती. प्रदर्शनाच्या पत्रकावर दादांच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, त्याचंही नाव छापलं होतं. रोज सकाळी तो दाराशी येऊन बसे आणि अनोळखी माणसांना रुमाल काढताना बघे. त्याला वाटे, हे आपल्या हातांनी केलंय.

“बाई, पाणी देऊ?” त्याने विचारलं.

“नको.” कंडक्टरबाईंची नजर फोटोवरून हलली नाही. “काका, ह्या खिडकीत कोण आहे?”

“कुठल्या खिडकीत?”

“ही काय. वर, उजवीकडे.”

हायपो गुडघा सावरत उठला, जवळ गेला. उजव्या कोपऱ्यात काळं होतं. एकसारखं, दाट, कोळशासारखं काळं. त्याचंच काम होतं ते.

“तिथे काही नाही,” तो म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग उठल्या, गणवेश झटकला. “बरं. माझी सव्वाअकराची गाडी आहे. उद्या येते.”

त्या गेल्यावर हायपोने पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे खिडकी होती. पण हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक दोन वर्षांपूर्वी गेलं होतं.

२

आगीच्या दिवशी दादा दुपारी दीडच्या सुमाराला डार्करूममध्ये घुसले होते. केसांत राख, शर्टाची बाही फाटलेली. फिल्म धुऊन झाली, त्यांनी ओली पट्टी उजेडासमोर धरली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. “हा. पहिल्या पानावर.”

पहिलं पान छापायला जायला पाऊण तास होता. छोट्या नमुना प्रतीवर दादांनी तांबड्या मेणाच्या पेन्सिलीने उजव्या कोपऱ्यात फुली मारली. “हा कोपरा मार. उजेड आहे तिथे, डोळा तिकडे पळतो. म्हातारीच्या तोंडावरनं नजर हलता कामा नये.”

कृष्णधवल फोटोत रंग नसतो, म्हणून माणूस उजेडाच्या मागे जातो. जिथे पांढरं, तिथे डोळा. फोटो कागदावर उतरवणाऱ्याचं सगळं कसब त्यातच. कुठे किती उजेड ठेवायचा हे ठरवलं की बघणाऱ्याने कुठे रडायचं हेही ठरतं. लोकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, फोटो खरं तेच सांगतो. सांगतोच. फक्त कोणतं खरं पुढे करायचं आणि कोणतं मागे सारायचं, हे लाल दिव्याच्या खोलीत कोणीतरी हाताने ठरवलेलं असतं.

घाईच्या वेळी करतात तसं हायपोने चाचणीची पट्टी फक्त चेहऱ्यावर ठेवली. चेहरा बसला की फोटो बसला, हा त्याचा धंद्याचा नियम. मग पूर्ण कागद लावला, आणि उजव्या कोपऱ्यावर छोट्या टॉर्चला कागदाची नळी गुंडाळून थेट उजेड मारला. त्या कागदावर जिथे उजेड पडेल तिथे काळं होतं. कोपरा कायमचा काळा झाला. किती वेळ, किती अंतरावरून, हे त्याने एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. त्यानंतर एकतीस वर्षांत ‘आई’च्या जेवढ्या प्रती निघाल्या, त्या सगळ्या त्या पुठ्ठ्यावरून. दालनातली, दादा असतानाच काढलेली तीन हात रुंद प्रतसुद्धा.

कोपऱ्यात काय होतं ते त्याने कधी मोठ्या कागदावर उतरवून पाहिलंच नव्हतं. खिडकी होती एवढं आठवत होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, त्यामुळे ती त्याला एका काळ्या चौकोनासारखी दिसली होती, इतकंच.

३

गुरुवारी कंडक्टरबाई आल्या त्या डबा घेऊनच. आगार समोरच होतं. त्यांची जेवणाची सुट्टी पाऊण तासाची.

“इथे खायला बंदी आहे,” ग्रंथपालबाई चष्म्यावरून म्हणाल्या.

“खात नाहीये मॅडम. नुसता धरलाय.”

हायपोने खुर्ची दिली. त्या बसल्या आणि तिकिटं फाडावीत तशा सपाट आवाजात सांगू लागल्या.

“फोटोतली ती माझी आजी. बाबांचा डबा घेऊन गेली होती. रोज मीही जायचे तिच्याबरोबर. बाबा वरच्या मजल्यावर यंत्रावर होते, खिडकीतून मला हात करायचे. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरी. नऊ माणसं गेली असं जाहीर झालं. बाबांचं नाव त्यात नाही, त्यांचं काही सापडलंच नाही. चौकशीवाले म्हणाले, हा कामावर आलाच नव्हता, आगीच्या गोंधळाचा फायदा घेऊन घर सोडून पळाला असेल. कुठे पळाला? कशाला पळाला? विचारायची सोय नाही. सहा वर्षांची होते मी. शाळेत पोरं मला पळपुट्याची म्हणायची.”

“पण डबा...” हायपो म्हणाला.

“तेच ना, काका! माणूस कामावर नव्हता तर म्हातारी डबा कोणाला घेऊन गेली? अख्ख्या जगाने तो डबा बघितला. माझ्या आजीवर जग रडलं आणि माझ्या बापाला पळपुटा म्हणालं. एकाच फोटोत.” त्यांनी नाक ओढलं. “आई अजून आहे. लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसते. आता गिरणीच्या जुन्या फाटकाशी स्मारकाचा दगड बसवतायत. नावं कोरायला यादी जाणार. सोमवारी पाच वाजता बंद. मी अर्ज दिला तर म्हणाले, पुरावा आणा. एकतीस वर्षांनी काय आणू, राख?”



तेवढ्यात नर्सिंग कॉलेजच्या पंधरावीस मुली वर आल्या, किलबिलाट करत. हायपो सवयीने बघू लागला. चौदा नंबरपाशी त्या गप्प झाल्या, ते नेहमीचंच. पण कोणी रुमाल काढला नाही. पंधरावीस माना एकाच कोनात, वर उजवीकडे वळलेल्या. एकीने दुसरीचा हात धरला. मग त्या कडेकडेने, फोटोकडे पाठ न करता, पुढे सरकल्या.

म्हातारीच्या चेहऱ्याकडे एकीनेही पाहिलं नव्हतं.

४

शुक्रवारी हायपोने खिशात करड्या छटांची पट्टी आणली. दहा चौकोन, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. पहिला कोरा कागद, दहावा ठार काळा. पट्टी त्याने काचेवर, कोपऱ्यापाशी धरली.

आठ.

त्याने डोळे चोळले, चष्मा पुसला, पट्टी उलटसुलट केली. आठच. आणि कोपरा सगळा नव्हे. काडेपेटीएवढा एक भाग. त्याच्या कडा सरळ होत्या.

हायपो घाबरट नव्हता, आणि त्याला रसायनं कळत होती. म्हणून त्याने एकेक कारण घेतलं आणि खोडलं. फोटो नीट पक्का झाला नसेल? मग पांढरं पिवळं पडतं, काळं उजळत नाही. दमट हवा? मग डाग गोल पडतात. दालनातला दिवा? मग सगळा कागद फिका पडायला हवा, आणि त्यालाही वर्षं लागतात. काळं म्हणजे कागदात बसलेली चांदी. ती उठून कुठे जाईल?

“मॅडम, ह्या फोटोला कोणी हात लावला?”

“इथल्या पुस्तकांनासुद्धा कोणी हात लावत नाही, फोटोला कोण लावतंय!”

ग्रंथपालबाईंचं दुःख जुनं होतं. हायपो हसला. आणि त्याच वेळी त्याला तो आवाज ऐकू आला. टक. मग टक टक. बोटाच्या पेराने काचेवर वाजवावं तसा, पण लांबून.

“तो कसला आवाज?”

“खाली बाइंडर पुस्तकं ठोकतो.”

त्याने मान हलवली. पाय मोकळे करायला तो जिना उतरला. बाइंडरच्या खोलीला कडी होती आणि दारावर चिठ्ठी: सोमवारपर्यंत रजा.

वर आल्यावर त्याने खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे ओढून घेतली. मग स्वतःलाच हसला आणि परत मागे नेली. चौतीस वर्षं लाल दिव्यात, एकटा, बंद खोलीत काढलेला माणूस भरदिवसा पंख्याखाली खुर्च्या सरकवतो, हे कोणी पाहिलं असतं तर?

५

शनिवारी पट्टी पाचवर आली आणि खिडकीला गज होते. मधोमध एक उभा, दोन आडवे. आतला उजेड करडा, धुरकट. खिडकीच्या उजव्या हाताला, खालच्या बाजूला, एका माणसाच्या खांद्याएवढं काहीतरी दाट होतं, पण ते सावलीसारखं गढूळ. हायपोने भिंग लावलं तरी ते भिंगाबरोबर सरकल्यासारखं वाटलं.

दुपारी तो वहिनींकडे गेला. दादांच्या पत्नी. त्यांच्या माडीवर निगेटिव्हची कपाटं होती.

“या, या. प्रदर्शन जोरात ना? ह्यांना फार आवडलं असतं. लोकांच्या मधे उभं राहून कान लावायचे, कोण काय बोलतंय ते.” वहिनींनी चहा टाकला. “कुठलं हवंय?”

“‘आई’.”

वहिनींचा हात बरणीवर थांबला. “ते पाकीट ह्यांनी वेगळं ठेवलंय. कपाटात नाही, गादीखाली. मी कधी विचारलं नाही.”

“का?”

“अहो भाऊजी, चाळीस वर्षांचा संसार विचारून होतो होय? ते त्या फोटोचं कौतुक कोणी केलं की जेवायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारीचं दुःख मनाला लागलं असेल.”

पाकिटात फिल्मची एक पट्टी होती आणि ती जुनी नमुना प्रत. तांबडी फुली अजून ताजी दिसत होती. हायपोने ती उजेडासमोर धरली. फुलीच्या खाली काय होतं ते फुलीने पूर्ण झाकलं होतं. दादांनी भिंगातून पाहून फुली मारली की नुसत्या डोळ्यांनी? भिंग टेबलावरच असायचं. हायपोला तो क्षण आठवत होता, पण दादांच्या हातात भिंग होतं की नाही, ते मात्र आठवत नव्हतं.

चहा चांगला होता. त्याने दोन कप घेतले. उठावंसंच वाटेना.

६

रविवारी सकाळी अकराला त्याने न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने झाकली, बादल्या बाहेर काढल्या, पाटावर फोटो मोठा करायचं जुनं यंत्र मांडलं.

“अहो, आंघोळ राहिलीये माझी!” बायको दारावर थाप मारून म्हणाली.

“तासभर.”

“निवृत्त झालात ना? का ते फक्त आम्हाला सांगण्यापुरतं?”

“फक्त तासभर, खरंच.”

“वास आला तर मी माहेरी जाणार. ह्या वयात लोक काय म्हणतील बघा.”

दाराआड तिचं हसणं ऐकून त्याला बरं वाटलं. लाल दिवा लागला. त्याने पुठ्ठा काढला, वाचला आणि उलटा ठेवून दिला. या खेपेला पुठ्ठा नाही. टॉर्च नाही. निगेटिव्हमध्ये जे असेल ते सगळं, जसंच्या तसं.

कागद ट्रेमध्ये सरकवला. पांढऱ्यावर आधी गडद जागा उमटल्या: डब्याची सावली, फाटकाचे गज, म्हातारीचे केस. मग चेहरा. तो चेहरा हायपोने शेकडो वेळा पाण्यातून वर येताना पाहिला होता. आज त्याने तिकडे बघितलंच नाही.

उजवा कोपरा आला. फाटकाच्या खांबावर घड्याळ: बारा पंचवीस. त्याच्या वर, पहिल्या मजल्याची खिडकी, लख्ख. मागचं छप्पर जळून उडालं असणार, आभाळाचा उजेड आरपार येत होता. आणि त्या उजेडात, गजांच्या मागे, एक माणूस.

हायपोने ओल्या कागदावरच भिंग टेकवलं. काचेला लावलेला एक पंजा, पाची बोटं पसरलेली. खांदा. अर्धा चेहरा, समोर रस्त्याकडे वळलेला. तोंड उघडं होतं की नव्हतं, हे सांगता येत नव्हतं. खाली, पंधरावीस हातांवर, त्याची आई डबा घेऊन कॅमेऱ्याकडे बघत होती. तिने मान वळवून वर बघितलं असतं तर दिसला असता.

कुणालाच दिसला नाही. जगातल्या कुणालाही दिसू नये अशी तजवीज हायपोने टॉर्चने केली होती. फोटो जास्त भिडावा म्हणून. आणि भिडला होता.

न्हाणीघराच्या नळातून थेंब पडत होता, टक, टक टक, आणि त्याने नळ आवळला. नळ आधीच बंद होता.

७

सोमवारी दुपारी बाराला त्याने नवी प्रत कंडक्टरबाईंच्या हातात दिली. सगळं सांगितलं. टॉर्च, पुठ्ठा, बुधवारचं “तिथे काही नाही”. काही राखून ठेवलं नाही. वाटलं, आता ही बाई कानाखाली देईल, आणि ते बरंच होईल.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, “हात असाच करायचे. सगळी बोटं फाकवून.” आणि थोड्या वेळाने, “काका, तुम्ही बसा आधी.”

“मला शिव्या दे, पोरी.”

“देईन की. रांगेत उभे राहा, तुमच्या पुढे बरेच आहेत.” आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या चक्क हसत होत्या. “बाबा कामावर होते. कामावरच होते हो!”

मग दोघं चौदा नंबरसमोर गेले. नवी प्रत त्यांनी मोठ्या फोटोशेजारी धरली.

मोठ्या फोटोतली खिडकी आता स्वच्छ होती. हायपोने पट्टी काढली नाही; गरजच नव्हती. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती. लहान प्रतीत माणूस समोर बघत होता, एक पंजा काचेवर. मोठ्यात दोन पंजे काचेवर होते, आणि मान खाली वाकलेली.

“हे कसं?” कंडक्टरबाईंनी हळूच विचारलं.

हायपोने भिंग आधी लहान प्रतीवर धरलं, मग मोठ्या.

“आजीकडे बघतायत,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. हायपो मात्र दोन पावलं मागे सरला होता, कारण काचेमागून, अगदी जवळून, टक टक झालं, आणि या वेळी ग्रंथपालबाईंनीही खातेवहीतून मान वर केली.

स्मारक समितीचं कार्यालय पाचला बंद होणार होतं. दोघं साडेतीनला पोचले. तिथले अधिकारी म्हणजे तरतरीत, नुकतेच बढती मिळालेले, घाईतले गृहस्थ. “सावली असू शकते,” प्रत हातात घ्यायच्या आधीच ते म्हणाले.

“साहेब, मी रोज दोन हजार तोंडं बघते,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “पास संपलेला माणूस मला पाठीवरून कळतो. सावली मला शिकवू नका. आधी बघा, मग बोला.”

साहेबांनी भिंग घेतलं. निगेटिव्ह दिव्यावर ठेवून पाहिलं, मग प्रत, मग पुन्हा निगेटिव्ह. त्यांची घाई हळूहळू उतरत गेली. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चौकशीचा जुना अहवाल मागवला, एकशे चौदा पानांचा, आणि एक पान उघडून वाचू लागले. वाचता वाचता पुन्हा भिंगाकडे वळले.

“हे खिडकीशेजारी काय आहे?” त्यांनी विचारलं.

“बाहेरच्या जिन्याचं लोखंडी दार,” हायपो म्हणाला. एका माणसाच्या खांद्याएवढं जे त्याला दालनात गढूळ दिसलं होतं, ते घरच्या प्रतीत स्पष्ट होतं. त्याचं लक्ष फक्त माणसाकडे होतं, म्हणून त्याने ते नीट पाहिलंच नव्हतं.

“आणि दाराला?”

हायपोने भिंग घेतलं, पाहिलं, आणि कंडक्टरबाईंच्या हातात दिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी यादी पुढे ओढली आणि स्वतःच्या हाताने दहावं नाव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कामावर असताना. सही केली, शिक्का मारला. हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे, कारण एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या कोणी एवढंही केलं नव्हतं.

८

मंगळवारी प्रदर्शन संपलं. ग्रंथपालबाईंनी चाळीस फोटो उतरवायला दोन हमाल बोलावले होते, पण चौदा नंबर हायपोने स्वतः उतरवला. जमिनीवर कांबळं अंथरून त्यावर ठेवला.

खिडकी रिकामी होती. कोऱ्या कागदासारखी पांढरी, पट्टीवर पहिला चौकोन. गज होते, चौकट होती. आत कोणी नव्हतं. आणि म्हातारी? चेहरा तोच, डबा तोच. फक्त हायपोला, ज्याने ती नजर शेकडो वेळा पाण्यातून वर आणली होती, असं वाटलं की ती आता नेमकी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. केसभर वर, उजवीकडे. त्याने ठरवलं की हे मोजायचं नाही.

त्याने चौकटीचे खिळे काढले आणि काच उचलली. काच पुसायला फडकं हातात घेतलं होतं. काचेच्या आतल्या बाजूला, खिडकी जिथे येत होती बरोबर तिथे, एक धब्बा होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. त्याने भिंग लावलं. दोन्ही धब्ब्यांना पाच-पाच टोकं होती.

फडकं त्याने घडी घालून खिशात ठेवलं. काच कागदात गुंडाळून घरी नेली. बायकोने विचारलं, हे काय आणलंत? तो म्हणाला, काच. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा ठेवला.

पुढच्या महिन्यात फाटकाशी दगड बसला. दहा नावं. कंडक्टरबाईंची आई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली, पदर नीट करून, आणि शेजारणीला सांगत होती की आमचे हे कामाला कधी दांडी मारायचे नाहीत. हायपो मागे उभा होता. ऊन कोवळं होतं. कंडक्टरबाईंनी लांबून त्याला हात केला, सगळी बोटं फाकवून, आणि त्यानेही केला. बऱ्याच दिवसांनी त्याला झोप लागावी असं हलकं वाटलं.

चौकशी अहवालाच्या सत्त्याऐंशीव्या पानावर लिहिलं आहे की अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वरचा मजला आत जाऊन तपासण्यात आला, तिथे कोणीही आढळलं नाही, आणि बाहेरच्या जिन्याचं दार उघडंच ठेवण्यात आलं. बारा पंचवीसच्या फोटोत त्या दाराला बाहेरून कुलूप आहे. समितीच्या साहेबांनी याबाबत वरच्या कार्यालयाला तीन पत्रं पाठवली. तिन्हींची पोच आली आहे. त्या पंचेचाळीस मिनिटांत कुलूप कोणी लावलं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.